मग

फोनवर चेहरा आला. असले दोनशे पाहिजेत,
म्हणाला निपुण हलगेकर.
डोळे बटबटीत, तोंड आ वासलेलं, दात मोजून आठ,
टाळूला भोक, नळी घालायला.
"कोण गा हा?"
"कोण नाही. स्टाईल आहे. टिकी म्हणतात."

खानापूरची माती कुणाचाही चेहरा घेते,
साच्यात दाबली की गप्प बसते.
पहिला मग फळीवर वाळत होता
तेव्हा शांतव्वा मागच्या दारानं आली,
भादव्यात जोकमारची बुट्टी डोक्यावर घेऊन फिरणारी.
थबकली. पदर सावरला.
"मार्गशीर्षातच केलास व्हय रे याला?"

जोकमार आमच्याच घरी जन्मतो. सात दिवसांचा देव.
गणपती पोटभर खाऊन वर जातो, सांगतो, खाली सगळं बेस आहे.
हा दारोदार हिंडतो, तोंडाला लोणी माखून घेतो
आणि वर जाऊन खरं सांगतो: पाऊस नाही. कणग्या रिकाम्या.
परटाच्या दगडापाशी संपतो.
त्याचे डोळे असेच. तोंड असंच.
मी शांतव्वाला म्हटलं, हा तो नव्हे.
मग कोण, ते मला सांगता आलं नाही.

चोर्ला रस्त्याला बार उघडला. झावळ्या गोव्याहून आणल्या,
वेटरांच्या कमरेला गवत, ते मात्र जांबोटीचं.
पाटीवर कानडी अक्षर किती मोठं ते मोजायला
टेप घेऊन चौघं आले.
मराठी का नाही, म्हणून दुसरे सहा आले.
"कुणाचं" या एका शब्दावर आम्ही इकडं
बापजाद्यांपासून भांडत आलोय; त्या रात्रीही भांडलो.
पाटीवरचं "आलोहा" कुणाचं,
हे दहांतल्या एकानं विचारलं नाही.
अकरावा मी. मी बिल घ्यायला गेलो होतो.

पावलू सोझनं जहाजावर बारा वर्षं ग्लास पुसले.
त्यानं माझा मग हातात फिरवला, म्हणाला,
"आमच्या भटारखान्यात एक बाई होती, त्या बेटांवरची.
पार्टी झाली की असलेच मग धुवायला यायचे.
बोलायची नाही काही.
पुसून ठेवताना सगळ्यांची तोंडं भिंतीकडं करायची."
निपुण हसला. "अमेरिकेत आजोबांच्या काळापासून चालतंय हे.
आणि मिरची? मिरची तरी आपली होती काय?"
पावलू गप्प. मीही.
मिरची खरंच आपली नव्हती.
पुढं कितीतरी दिवसांनी, भट्टीत शेणी रचताना सुचलं,
मिरचीला कुणी आजा म्हणत नसावं.
नसावं. नक्की ठाऊक नाही.

पैसे वेळेवर दिले त्यानं, हे सांगायला पाहिजे.
छपरावर नवे पत्रे आले.

भादव्यात तो पुन्हा आला. फळीवर ओला जोकमार होता.
"हा भारी आहे की! याचे शंभर कर. लोकल टच."
मी नाही म्हटलं.
किती सोपं गेलं. जीभ आपोआप वळली.
तो गेल्यावर हात धुताना कळलं,
ही जीभ मार्गशीर्षातही याच तोंडात होती.

एक मग भट्टीत तडकला होता, तो माझ्याकडंच राहिला.
गळतो. पाणी ठरत नाही.
तोंड भिंतीकडं केलं तर हाकलल्यागत वाटतं,
इकडं केलं तर बघत बसतो.
अष्टमीला शांतव्वा बुट्टी न्यायला आली,
जोकमारच्या तोंडाला लोणी लावलं,
उरलेलं बोट त्या मगाच्या ओठावर पुसलं.
"यारदु?" मी विचारलं. कुणाचा गं हा, तुला तरी ठाऊक आहे?
"यारदो," ती म्हणाली. कुणाचा तरी.
"लांबनं आलाय. उपाशी असंल."

हे बरोबर केलं की आणखी एक चूक,
पावलूला विचारलं. सगळं ऐकून तो म्हणाला, "मग?"

मग काही नाही.
दुपारपर्यंत मुंग्या लागल्या होत्या.
मी पुसलं नाही.